बहुपदी ओळखायची ती चेहऱ्यावरून की स्वभावावरून?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात यंदा नववीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या घटक चाचणीत ‘पुढीलपैकी बहुपदी कोणत्या ते ओळखा’ असा प्रश्न होता (बहुपदी म्हणजे क्षसारख्या चलाचे ०, १, २ असे पूर्ण घात संख्यांनी गुणून केलेली बेरीज) आणि दिलेल्या राशींमध्ये एक राशी ‘क्षच्या वर्गाचे वर्गमूळ’ अशी होती. (वृत्तपत्राच्या स्तंभात गणिताची चिन्हे नीट उमटत नाहीत, म्हणून मी शक्य तेथे शब्दांतच लिहीत आहे.) नातीने ‘ही बहुपदी नाही’ असे लिहिले आणि तिचा गुण गेला. उत्तरपत्रिकेवर कारण दिले होते की वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना छेदतात, खाली नुसता क्ष उरतो, म्हणून ही रेषीय बहुपदी होय. ‘आजी, माझं उत्तर खरंच चुकलं का?’ असे विचारत ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आहे. तिचे उत्तर बरोबर होते. परंतु ‘तू असे का लिहिलेस?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘वर्गमुळाचं चिन्ह दिसलं की बहुपदी नाही, असं वर्गात सांगितलंय.’ म्हणजे तपासणाऱ्यांचे उत्तर चुकले होते आणि मुलीचे उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर आले होते. तिचा नियम खरा धरला, तर ‘वर्गमूळ २ गुणिले क्षचा वर्ग’ ही राशीही बहुपदी ठरणार नाही. प्रत्यक्षात ती बहुपदीच आहे, कारण तेथे वर्गमूळ सहगुणकाचे, म्हणजे चलाला गुणणाऱ्या संख्येचे आहे, चलाचे नाही.

आधी चाचणीतल्या राशीचा निकाल लावते. क्षच्या जागी उणे ३ घ्या. वर्ग ९ आणि ९ चे वर्गमूळ ३. उत्तर उणे ३ आले नाही. धन संख्या दिली तर तीच परत मिळते आणि ऋण संख्या दिली तर तिचे चिन्ह गळून पडते. ही राशी म्हणजे केवलमूल्य. तिचा आलेख शून्यापाशी टोक असलेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. हा बहुपदीचा आलेख असू शकत नाही हे डोळ्यांना जाणवते, पण का असू शकत नाही, याचे उत्तर पाठ्यपुस्तकातील व्याख्येवरून थेट मिळत नाही. हे पत्र मी त्या ‘का’साठी लिहीत आहे, कारण बहुपदी आणि इतर फलने यांतला खरा भेद तेथेच आहे आणि आपल्याकडे तो शिकवायचा राहून जातो.

राहून जाण्याचे एक कारण अभ्यासक्रमाच्या रचनेतही आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात बहुपदीचे प्रकरण येते, ते बैजिक राशी म्हणून: प्रत्येक पदात चलाचा घातांक पूर्ण संख्या हवा, सर्वांत मोठा घातांक म्हणजे कोटी, मग बेरीज, गुणाकार, भागाकार, शेष सिद्धांत, अवयव सिद्धांत. फलनाची ओळख मात्र अकरावीत होते, आणि विज्ञान शाखेत ती बहुतेक मुलांना इंग्रजीतून होते. क्षच्या प्रत्येक किमतीला ठरलेली एकच किंमत देणारा नियम म्हणजे फलन, हे कळेपर्यंत मराठी शाळेत शिकलेली बहुपदी ही लिहिण्याची एक पद्धत म्हणून मनात पक्की बसलेली असते, आणि एकाच वस्तूची ही दोन नावे विद्यार्थ्याच्या मनात कधी शेजारी येऊन बसत नाहीत.

फलन म्हणून पाहिले, तर बहुपदी म्हणजे केवळ बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार मोजक्या वेळा वापरून तयार झालेला नियम. क्षने भागायचे नाही, क्षचे मूळ काढायचे नाही, ‘क्ष इतका असेल तर असे, नाहीतर तसे’ ही सवलतही नाही. एवढी बंधने पाळल्याबद्दल बहुपदीला एक असा गुण मिळतो, जो इतर बहुतेक फलनांजवळ नसतो: तिची कोटी जितकी, त्याहून अधिक ठिकाणी ती शून्य होऊ शकत नाही. याला अपवाद एकच, सर्वत्र शून्य असलेली शून्य बहुपदी. सिद्धतेसाठी नववीच्या पुस्तकाबाहेर जावे लागत नाही. बहुपदी एखाद्या ठिकाणी शून्य झाली, की अवयव सिद्धांतानुसार तिच्यातून एक रेषीय अवयव बाहेर काढता येतो आणि उरलेल्या बहुपदीची कोटी एकाने उतरते. तिसऱ्या कोटीच्या बहुपदीतून असे अवयव चार वेळा काढता येणार नाहीत, हे उघड आहे. यातूनच पुढचे निघते. तिसऱ्या किंवा त्याहून कमी कोटीच्या दोन बहुपदींच्या किमती चार ठिकाणी जुळल्या, तर त्यांची वजाबाकी चार ठिकाणी शून्य होते, म्हणजेच त्या दोन बहुपदी एकच असतात. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे आपण सहावी-सातवीपासून जाणतो. हा त्याच गोष्टीचा विस्तार आहे.

आता केवलमूल्याकडे परत येऊ. समजा ते एखाद्या बहुपदीएवढे आहे. शून्याच्या उजवीकडे सगळीकडे त्याची किंमत क्ष एवढीच असते, म्हणजे त्या बहुपदीतून क्ष वजा केला तर उत्तर अगणित ठिकाणी शून्य येते. तेव्हा ती बहुपदी सर्वत्र क्षच असली पाहिजे. मग उणे ३ ला तिची किंमत उणे ३ यायला हवी, आणि येते ३. निकाल लागला. चिन्ह पाहून ओळखण्याची गरज उरली नाही, आणि हा युक्तिवाद माझ्या नातीला एका संध्याकाळी नीट समजला.

हाच युक्तिवाद रस्त्यावरही लागू पडतो. रिक्षात बसल्यावर पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडे असते आणि त्यानंतर अंतराच्या प्रमाणात मीटर चढतो. (मीटर टप्प्याटप्प्याने उडी मारतो ते येथे सोडून देऊ.) हे अंतराचे फलन आहे, परंतु बहुपदी नाही, कारण दीड किलोमीटरच्या पट्ट्यात भाडे एकाच किमतीवर अडून राहते, आणि जी बहुपदी एवढ्याशा पट्ट्यातही एकाच किमतीवर अडून राहते तिला पुढे कोठेही हलता येत नाही. तसे असते तर पुण्याहून साताऱ्यापर्यंत रिक्षा किमान भाड्यात गेली असती. विजेचे बिल आणि प्राप्तिकर यांचेही तसेच आहे. त्यांत टप्प्याटप्प्यावर वेगवेगळ्या रेषीय बहुपदी एकमेकींना जोडलेल्या असतात, पण जोडून तयार झालेले फलन बहुपदी राहत नाही. खऱ्या बहुपदीचा लहानसा तुकडा हाती आला, तरी दोन्ही दिशांना अनंतापर्यंतची सगळी बहुपदी त्या तुकड्याने ठरून जाते. मला विद्यार्थिदशेत हे प्रथम उमगले, तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

त्रिकोणमितीतील ज्या, म्हणजे साइन, हे फलन बहुपदी का नाही, हेही आता एका वाक्यात सांगता येते: ० अंश, १८० अंश, ३६० अंश, ५४० अंश असे ते अगणित ठिकाणी शून्य होते. असे असूनही ज्येची किंमत केवळ साध्या अंकगणिताने जवळपास गाठण्याची एक अप्रतिम रीत आपल्याकडे सातव्या शतकात पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात दिली. कोन अंशांत घ्यावा आणि त्याला १८० वजा तोच कोन याने गुणावे. त्या गुणाकाराच्या चौपटीला, ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून आलेल्या संख्येने भागावे. ३० अंशांना गुणाकार ४५०० येतो, १८००० भागिले ३६००० म्हणजे नेमके अर्धे. ४५ अंशांना उत्तर ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१ आहे. हेच सूत्र वर्तुळाच्या जीवेच्या रूपात ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या, म्हणजे दुसऱ्या भास्कराच्या ‘लीलावती’तही आले, आणि या दुसऱ्या भास्कराच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. या सूत्राचे रूप बारकाईने पाहावे: वर एक बहुपदी आहे, खाली एक बहुपदी आहे, आणि मध्ये भागाकार. म्हणून तेही बहुपदी नव्हे, परिमेय फलन होय. शिवाय ते ० ते १८० अंशांपुरतेच विश्वासाचे आहे. ३६० अंश घालून पाहिले तर उत्तर उणे २.४६ येते, जेव्हा ज्येची खरी किंमत शून्य आहे आणि ती उणे एकच्या खाली कधी उतरतच नाही. एका पट्ट्यात खूप जवळ असणे आणि सर्वत्र तेच असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या सूत्राइतके चांगले क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवता येईल.

वृत्तपत्रांशी थेट संबंध असलेला भाग म्हणजे घातांकी फलन. लोकसंख्या, रुग्णसंख्या, मोबाइलची विक्री, काहीही झपाट्याने वाढले की ‘घातांकी वाढ’ झाली असे छापून येते. येथे आपल्या परिभाषेनेच थोडा घोळ केला आहे. क्षच्या वर्गातही घातांक आहे आणि २ च्या क्षव्या घातातही घातांक आहे; त्यामुळे ‘ज्यात घातांक ते घातांकी’ असे मुलांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पहिल्यात पाया बदलतो व घातांक जागेवर राहतो, ती बहुपदी. दुसऱ्यात पाया जागेवर राहतो आणि घातांक बदलतो, ते घातांकी फलन. मराठी माणसाला हा भेद जन्मापासून ठाऊक आहे, फक्त वेगळ्या नावाने: सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज. १०,००० रुपये दरसाल ८ टक्के सरळव्याजाने ३६ वर्षे ठेवले तर ३८,८०० रुपये होतात, ही रेषीय बहुपदी. तेच चक्रवाढीने ठेवले तर दर नऊ वर्षांनी जवळजवळ दामदुप्पट होऊन ३६ वर्षांनी सुमारे १ लाख ६० हजार रुपये होतात.

यातच एक बारकावा दडलेला आहे, जो मी दरवर्षी वर्गात मुद्दाम विचारत असे. चक्रवाढीचे सूत्र बहुपदी आहे की नाही? मुदत दोन वर्षांची ठरलेली असेल आणि व्याजदर बदलत असेल, तर रास दराची वर्ग बहुपदी आहे. दर ठरलेला असेल आणि मुदत बदलत असेल, तर तीच रास मुदतीचे घातांकी फलन आहे. सूत्र तेच आहे, उत्तर मात्र कोणती राशी चल मानली यावर ठरते. तेव्हा नुसत्या राशीकडे बोट दाखवून ‘ही बहुपदी आहे का?’ असे विचारणे अपुरे आहे, ‘कोणत्या चलातली?’ हे विचारल्याखेरीज प्रश्न पूर्ण होत नाही.

घातांकी वाढ सुरुवातीला नेहमी मोठी असते, असेही नव्हे. क्षचा दहावा घात आणि २ चा क्षवा घात यांची तुलना केली, तर क्ष १० असताना पहिला १००० कोटी असतो आणि दुसरा फक्त १०२४. तेथून क्ष ५८ होईपर्यंत बहुपदीच पुढे असते. ५९ ला घातांकी फलन पुढे जाते ते कायमचे, आणि क्ष १०० झाला की ते १२०० कोटी पटींहून मोठे झालेले असते. कोणतीही बहुपदी घ्या, हे कोठे ना कोठे होतेच. संगणकशास्त्रात एखादी रीत ‘बहुपदी वेळेत’ चालते की नाही याला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे ठरवणारी जी रीत शोधली, तिच्या पायऱ्यांची संख्या दिलेल्या संख्येतील अंकांच्या संख्येच्या एका बहुपदीच्या आत राहते. म्हणून जगभर तिची दखल घेतली गेली.

शाळेतल्या मुलांना हा भेद हाताने करून दाखवण्याची फार सोपी रीत आहे. घनसंख्या ओळीने लिहा: १, ८, २७, ६४, १२५, २१६. शेजारच्या संख्यांची वजाबाकी करत जा: ७, १९, ३७, ६१, ९१, पुन्हा १२, १८, २४, ३०, पुन्हा ६, ६, ६. कोटी तीन आणि तिसऱ्या वजाबाकीत सगळे आकडे सारखे. कोणत्याही बहुपदीच्या बाबतीत, कोटीइतक्या वेळा वजाबाकी केली की हे घडते. आता दुप्पट होत जाणारी मालिका घ्या: १, २, ४, ८, १६, ३२. वजाबाकी १, २, ४, ८, १६, म्हणजे तीच मालिका पुन्हा. कितीही वेळा वजाबाकी करा, ती आटत नाही. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने १८२० च्या दशकात ज्या गणनयंत्राचा ध्यास घेतला, ते याच गुणावर उभे होते: बहुपदीच्या वजाबाक्या अखेरीस स्थिर होत असल्याने तिचा तक्ता केवळ बेरजा करून पुढे नेता येतो. त्याच्या दुसऱ्या आराखड्यानुसार लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये गणनाचा भाग बनवला आणि तो खरोखर चालला.

मात्र या रीतीचीही मर्यादा मुलांना सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला वर्तुळावरच्या बिंदूंइतके सुंदर उदाहरण नाही. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू प्रत्येक बिंदूला रेषेने जोडा. तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत एवढी काळजी घ्या. वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजा. एका बिंदूला १, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. शिष्यवृत्ती परीक्षेच्या संख्यामालिका सोडवलेले कोणतेही मूल पुढची संख्या ३२ सांगेल. कागदावर काढून मोजा, ३१ येतात. सात बिंदूंना ६४ ऐवजी ५७. ही मालिका चौथ्या कोटीची बहुपदी आहे आणि पहिल्या पाच पायऱ्यांवर ती दुप्पटीचा वेश घेऊन चालते. पाच किमती दिल्या की चौथ्या किंवा त्याहून कमी कोटीची एक बहुपदी त्यांतून नेहमीच जाते. तेव्हा समोरच्या आकड्यांवर बहुपदी ‘बसली’ म्हणून त्यामागचा नियम बहुपदी असतोच असे नाही, आणि दुप्पट दिसली म्हणून नियम चक्रवाढीचा असतोच असेही नाही.

ही चूक मोठ्यांकडूनही होते, आणि तिची किंमत मोठी असते. ५ मे २०२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने कोरोनाच्या दैनिक मृत्यूंचा एक आलेख प्रसिद्ध केला. त्यात घन बहुपदीच्या आधारे काढलेली एक तुटक रेषा होती आणि ती मे महिन्याच्या मध्यापर्यंत मृत्यू जवळपास शून्यावर येतील असे दाखवत होती. मेच्या मध्यालाही तेथे दररोज हजाराहून अधिक माणसे दगावत होती. घन बहुपदी आकड्यांच्या पट्ट्याबाहेर गेली की कोठेतरी वर किंवा खाली सुटत जाणार, हा तिचा स्वभाव आहे; साथीचा नव्हे.

उलट, जेथे बहुपदीचा हाच स्वभाव उपयोगी पडतो तेथे तो किती उपयोगी पडतो, हे भाजीवाल्याच्या गाडीवर दिसते. तेथला क्यूआर कोडचा कागद पावसाने भिजलेला, कोपऱ्यात फाटलेला असतो, तरी पैसे योग्य खात्यात जातात. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली चुका दुरुस्त करण्याची रीत त्या चौकटीत वापरलेली असते. मूळ माहिती बहुपदीच्या रूपात मांडायची आणि गरजेपेक्षा जास्त आकडे नोंदवून ठेवायचे, ही तिची कल्पना. काही आकडे पुसले गेले तरी उरलेल्यांशी जुळणारी बहुपदी एकच असू शकते, म्हणून मूळ माहिती परत मिळते. तेथले अंकगणित २५६ संख्यांच्या मर्यादित संचातले असते, तरी ‘कोटीहून अधिक ठिकाणी शून्य नाही’ हा नियम तेथेही तसाच लागू असतो. सर्वांत भक्कम प्रतीच्या क्यूआर कोडमध्ये सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षक बंधू-भगिनींनी ‘बहुपदी ओळखा’ या प्रश्नाला ‘का ते सकारण लिहा’ ही पुस्ती जोडावी आणि कारणासाठी अर्धे गुण राखावेत, म्हणजे चिन्हे पाहून दिलेली उत्तरे, मुलांची असोत वा आमची, तेथेच उघडी पडतील. आणि आपल्या संपादकीय विभागाने ‘घातांकी वाढ’ हा शब्द ठरावीक काळात ठरावीक पट होत असेल तेथेच वापरावा. त्याऐवजी ‘चक्रवाढ गतीने वाढ’ असे लिहिले, तर वाचकाला अर्थ लगेच कळेल आणि बातमी लिहिणाऱ्यालाही एकदा आकडे तपासून पाहावेसे वाटतील. वर्तुळावरच्या सहा बिंदूंची आकृती आपल्या मुलांच्या पुरवणीत छापता आली, तर मला फार आनंद होईल. त्याखाली उत्तर मात्र छापू नये. मुलांना भाग स्वतः मोजू द्यावेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
सातारा